गंजण्याचे दिवस

मी एक जुना अडसर आहे, मित्रांनो. दोन देशांमधल्या रस्त्यावर आडवे पडून राहणे हे माझे काम. माझे लाकूड पलीकडच्या रानातले, बिजागरी अलीकडच्या लोहाराची. तेव्हा मी नक्की कोणाचा, हे मला कधी कोणी विचारले नाही.

बरीच वर्षे मी इमानाने लोकांना अडवले. शिपाई माझी पाठ थोपटत, दरवर्षी नवा रंग देत. मग दोन्ही देशांचा करार झाला आणि मला उभे करून ठेवले, ते तसेच. माझ्याकडे कोणी पाहीना. रंग उडाला, बिजागरी गंजली, टोकावर पाखरांनी घरटे बांधले. उपेक्षेचे ते ऊन मला फार मानवले.

माझ्या शेजारीच शिवणकाम करणाऱ्या मावशींचे दुकान होते. त्यांनी आपली लेक पलीकडे दिली. संध्याकाळी मशीन झाकून त्या डबा घेऊन माझ्यासमोरून पलीकडे जात. "सासर कसलं, मागची खोली आहे ती," म्हणत.

हळूहळू हवा फिरली. दुकानातली गिऱ्हाइके पलीकडच्यांबद्दल कुजबुजू लागली.

"ते आले नि आपल्या पोरांची कामं गेली."

"बोट दिलं की हात धरतात."

दाताने दोरा तोडत मावशीही म्हणत, "खरंय बाई, फार सोकावलेत ते."

शेवटी सरकारने जनतेचा कौल घेतला. लोकांनी सीमा बंद करा म्हटले. मला खाली ओढले, तेव्हा घरटे रस्त्यावर पडले.

दुसऱ्या दिवशी लेक पलीकडे येऊन उभी राहिली. तिचे दिवस भरत आले होते.

"बाळंतपणाला यायचं होतं गं. आता परवान्याशिवाय ना मी येणार, ना तू." मग तिने विचारले, "आई, तू तरी बंद नको म्हणालीस ना?"

मावशींनी मला घट्ट धरले. "मला वाटलं, फक्त ते बंद होतील. तू कुठं 'ते' आहेस?"

"तुमच्या शिपायाला विचार."

मावशींनी माझ्यावरून हात नेऊन लेकीच्या पोटावर ठेवला. शिपायाने हात मागे घ्यायला सांगितले. हळू सांगितले, पण सांगितले.

मित्रांनो, आता मला पुन्हा तेल मिळते, रंग मिळतो. आमची निगा राखा, असे सगळ्याच जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात. मी तसे विनवणार नाही. मला विसरा. मला उभे करा आणि गंजू द्या.