पहिल्या पंगतीचा माणूस

"त्या हंड्याला हात लावू नका," सिद्धम्मा म्हणाली. "बसा तिकडं खाटेवर. चहा देते लावून."

धोंडप्पाने हात मागे घेतला. वेळ अमावस्येची, रानात जाऊन जेवायच्या सणाची सकाळ होती. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर भज्जीचे, म्हणजे सणाच्या पातळ भाजीचे पाणी उकळत होते आणि सुपात तूर, वाल, वाटाणा, हरभरा असे ओले दाणे सोलून ठेवले होते. जाळ जरा जास्त झाला होता, एक लाकूड मागे ओढावे एवढेच त्याच्या मनात होते. जन्मभर दुसरे केले तरी काय होते त्याने? ओमानमधल्या एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पात तो मेसचा आचारी होता. दोन-अडीचशे माणसांचे दोन वेळचे जेवण त्याच्या हातून जायचे. आणि इथे जळकोटात, स्वतःच्या अंगणात, त्याला चुलीपाशी फिरकायची बंदी होती.

बंदीला कारण घडले होते, नाही असे नाही. कॅम्पातली मेस बंद करून कंपनीने जेवणाचा ठेका बाहेर दिला आणि दिवाळीच्या तोंडावर धोंडप्पा कायमचा घरी आला. आल्या आल्या त्याने हौसेने उपमा करायला घेतला. घरात माणसे चार: तो, सिद्धम्मा, धाकटा भाऊ मलप्पा आणि त्याची बायको शिवकन्या. उपमा झाला तो गल्लीत वाटला, तरी उरला आणि शेवटी म्हशीने खाल्ला. फोडणीच्या ठसक्याने शेजारचा सिद्रामप्पा खोकत बाहेर आला, तो कुठे जळतंय हे बघायला. सिद्धम्माने त्याच दिवशी निकाल दिला, "तुमचा हात कंपनीचा हाय. घरात चिमूट लागती, तुमी मूठ टाकायलाव."

तसा तो घरात आयतेच खात आला होता. दोन वर्षांतून एकदा, वैशाखात, महिनाभराची सुट्टी मिळायची. तेवढे दिवस नवी चादर, पहिले ताट, पोळीवर तूप आणि वर आग्रह. "अजून एक घ्या, तिकडं कोन वाढायलंय तुमाला." पंधरा दिवस झाले की उखळात शेंगदाण्याची चटणी कुटल्याचा आवाज सुरू व्हायचा. ती चटणी त्याच्या बॅगेत जायची. तो आवाज ऐकला की त्याची भूक मरायची. विमानतळ अजून लांब असायचा, पण निघणे तिथूनच सुरू व्हायचे.

तिकडचे जिणे काही वाईट नव्हते. खोलीत सहा जण, वर एकच पंखा आणि एसी चालू असला तर असला. धोंडप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, जन्मात कधी अंडे खाल्लेले नाही. पण हाताखालून मटण बिर्याणी आणि मासळीचा रस्सा रोज जायचा. चव घ्यायची सोय नव्हती, म्हणून केरळचा बाबुराज हीच त्याची जीभ. बाबुराज चमचा तोंडाला लावायचा, मान हलवायचा, मग हंड्यावर झाकण पडायचे. शुक्रवारी दोघे बसने समुद्राकाठच्या बाजारात जात. एकदा खजूर विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांना हाताला धरून चटईवर बसवले, इवल्याशा पेल्यांतून कडू कहवा पाजला आणि बोलणे एकमेकांना कळत नसताना तासभर गप्पा मारल्या. पैसे दिले तर रागावला. वेळ अमावस्येला आपल्याकडे असेच वाटेवरच्या माणसाला जेवू घालतात, हे धोंडप्पा परतीच्या बसमध्ये बाबुराजला समजावून सांगत राहिला.

पुढच्या वर्षी वेळ अमावस्येला त्याने मेसमध्येच भज्जी केली. ज्वारीचे पीठ शोधून आणले, बर्फातले दाणे घेतले, तिकडच्या ताकाची आंबील केली. पेशावरचा ट्रकचालक म्हणाला, ही तर आमच्या घरची कढी. बंगाली गवंडी म्हणाले, आमची आई असेच करते. त्या दिवशी मेसमध्ये नेहमीसारखा गोंधळ झाला नाही. जो तो ताटात बघून जेवत होता. आचारी सगळ्यांच्या शेवटी जेवतो, तसा धोंडप्पा शेवटी तळ खरवडून उभ्यानेच जेवला. घरीही आत्ता हेच चालले असेल, पाहुणे उठले असतील आणि घरचे बसले असतील, असे त्याच्या मनात आले होते.

इतक्या वर्षांनी आज पहिल्यांदा तो वेळ अमावस्येला गावात होता. आणि त्याला एकच हवे होते. रानात पहिली पंगत पाहुण्यांची आणि वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांची असते, घरचे शेवटी बसतात. त्याला त्या शेवटच्या पंगतीला बसायचे होते. मागणी इतकी साधी होती की ती तोंडाने कशी मागावी हेच त्याला समजत नव्हते.

टेम्पोतून सगळे रानात पोचले. लातूरहून लेक सुकन्या आणि जावई आले होते, शिवाय मलप्पाचे सासरचे आणि उदगीरकडचे दोन व्यापारी. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून पूजा झाली. मलप्पाने आंबिलीचे मडके उचलले आणि बांधाबांधाने शिंपडत निघाला. धोंडप्पा बघत राहिला. भावाने मडके त्याच्या पुढे केले होते, पण त्यानेच नको म्हटले. पेरले कोणी, राखले कोणी. नुसते मोठेपणाच्या नावाखाली मडके घ्यायची त्याला लाज वाटली. शिवाय बांध कुठून कुठे जातो, हे त्याला आता नीटसे आठवतही नव्हते.

पंगत मांडली गेली. शिवकन्येने सतरंजीवर जावयाशेजारी ताट ठेवले. "अण्णा, बसा."

"मी मागून बसतो की."

"मागून कसं? बसा, बसा."

त्याने सिद्धम्माकडे पाहिले. ती भज्जीत पळी घालत होती. "बसा की आता," ती वर न बघता म्हणाली. "पाव्हणे खोळंबलेत."

तो बसला. ताटात बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आले, भज्जी आली, खीर आली. ओमान आणि दुबई एकच समजून जावई तिथल्या इमारतींबद्दल काहीतरी विचारत होता.

तेवढ्यात रस्त्याने एक माणूस जाताना दिसला. चाळिशी ओलांडलेला, डोक्यावर कंपनीचे पिवळे हेल्मेट, हातात पाण्याचा कॅन. रस्ता रुंदीकरणाच्या कामावर ओडिशाची माणसे आली होती, त्यांतला असावा. मलप्पाने बांधावरून हाळी दिली, "ओ भाऊ, जेवून जावा." माणूस दचकला, हात हलवून नको म्हणाला आणि भराभर चालायला लागला. या दिवशी वाटेवरचा माणूस उपाशी गेला तर रानाला बरे नव्हे. मलप्पा मागे धावला तसा तो जास्तच घाबरला.

धोंडप्पा न शिवलेल्या ताटावरून उठला. रस्त्यावर जाऊन त्याने त्या माणसाच्या हातातला कॅन आधी आपल्याकडे घेतला. हे त्याला कॅम्पात समजले होते. नव्या माणसाच्या हातातले ओझे घेतले की तो निम्मा बसतोच.

"आओ, खाना खा के जाओ."

"नहीं चाचा, काम पे जाना है. पैसा भी नहीं है."

"पैसा आज कोई नहीं लेता. त्योहार है. मीट-मच्छी कुछ नहीं, सब सादा है."

माणूस कोपीपर्यंत आला आणि चपला काढून अवघडून उभा राहिला. मग सगळे बघताहेत म्हणून काहीतरी बोलायला हवे, तसे त्याने विचारले, "आप किधर से हो, चाचा?"

कॅम्पात कोणीही भेटले की पहिला प्रश्न हाच असायचा. धोंडप्पाच्या तोंडून उत्तर आपोआप गेले. "जळकोट. जिला लातूर. महाराष्ट्र, इंडिया."

माणूस गोंधळला. "जळकोट तो यही है ना?"

आधी जावई हसला, मग व्यापारी, मग सगळी पंगत. धोंडप्पाही हसला. पण हसणे संपल्यावर त्याला मान वर करता येईना. त्याला लाज वाटली आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. स्वतःच्या रानात उभे राहून आपण लांबच्या गावाचे नाव सांगावे तसे गावाचे नाव सांगितले. मग आपण कायमचे आलो म्हणजे नेमके कुठे आलो?

सिद्धम्मा हसली नव्हती. तिने पळी हंड्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि पंगतीत येऊन धोंडप्पाचे ताट उचलले. ते तिने त्या माणसासाठी मांडले. "बस रे भाऊ," ती त्याला म्हणाली.

"आन् मी?" धोंडप्पाने विचारले.

"तुमी घरचे न्हाई का?" ती म्हणाली. "मग थांबा की." आंबिलीचे भांडे तिने त्याच्या हातात दिले. "वाढा ह्यांना. वाढा म्हनलंय, वतू नका."

धोंडप्पाने आंबील वाढली. त्या माणसाला त्याने तीनदा आग्रह केला आणि चौथ्यांदा न विचारता वाढली. पंगती उठत राहिल्या, बसत राहिल्या. वरच्या रानातले लोक आले, शाळेचे मास्तर आले, बसची वाट बघणारे एक म्हातारे जोडपे आले. धोंडप्पा वाकून वाकून वाढत होता. पोटात कावळे ओरडत होते आणि कंबर भरून आली होती. एकदा त्याने हळूच एक उंडा उचलला, तर शिवकन्येने हसून उंड्यांचे ताट आपल्याकडे ओढले. "अण्णा, पुरायचं न्हाई. मागून खावा."

उन्हे कलल्यावर घरचे बसले. सतरंजी एव्हाना पाहुण्यांसाठी झाडाखाली गेली होती, म्हणून ते ढेकळांवरच बसले. खीर संपली होती. उंडे प्रत्येकी एक आले. भज्जी तळाची होती, थोडी करपलेली, आणि आंबिलीत पाणी घालून ती वाढवलेली. मलप्पा टेम्पोवाल्याला फोन लावत होता. शिवकन्या कोणती पातेली कोणाची ते आठवत होती. सिद्धम्मा जेवता जेवता धोंडप्पाला म्हणाली, "तुमचं झालं की हंडे घासायला घ्या. राख तिकडं हाय."

"हाव," तोंडात घास असताना तो म्हणाला.

भूक अजून होती. त्याने बोटाने ताट निपटून घेतले आणि हात पुसून सावकाश उठला. अजून घ्या, असे त्याला कोणीही म्हटले नाही.