शेवटच्या कडव्यातलं नाव

पाऊस गेला, भातं पिवळी पडली आणि रुचिताने केस कापले. चांगले खांद्यापर्यंत. रेवदंड्याच्या पार्लरवालीने दोनदा विचारलं, "मॅडम, नक्की ना?" आणि दोन्ही वेळा रुचिताने मान हलवली. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर बहुधा खुर्चीतून उठून पळालीच असती. येताना तिने निळ्या काठाची पांढरी साडी घेतली आणि कानात घालायला चांदीचे लांब झुमके.

घरी ओट्यावर सासू, सत्यवती, सुकट निवडत बसली होती. तिने सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"केस कापलेस? आता कोन मेलं?"

रुचिता आत गेली. प्रफुल्ल, तिचा नवरा, जाऊन तीन वर्षं होत आली होती. तेव्हापासून ती त्याच चार विटक्या साड्या नेसून पोस्टात जायची आणि पत्रांवर शिक्के मारून परत यायची. दुःखाचे कपडे एकदा अंगावर चढले की लोक काही विचारत नाहीत, तेवढीच त्या कपड्यांची सोय. पण यंदा आश्विनातलं कोवळं ऊन खिडकीतून आत आलं, आरशात तिला एक म्हातारी दिसली, आणि तिला स्वतःचाच राग आला. बेचाळीस म्हणजे काय म्हातारपण?

केस, साडी, झुमके हे सगळं मात्र वरवरचं. खरी गोष्ट तिच्या मनात होती आणि ती अजून कुणालाच माहीत नव्हती. परवाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहाराच्या अंगणात गाण्याचा कार्यक्रम होता. त्यात ती पहिल्यांदा स्वतः माईकवर उभी राहणार होती, आणि गाण्याच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालणार होती.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर या वाडीची रीत अशी की गाणं ज्याने बांधलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. 'प्रफुल्ल सांगे' असं आलं की ऐकणारे माना डोलवायचे. प्रफुल्लचा गळा होता लाखात एक, पण शब्दाला शब्द जोडायचा म्हटला की त्याला घाम फुटायचा. गाणी रुचिता बांधायची. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिने भाकऱ्या थापता थापता एक रचलं, त्याने ते गायलं, आणि लोक म्हणाले, "वा रे प्रफुल्ल, काय लिवलंस!" त्याने घाबरून तिच्याकडे बघितलं, तर तिने डोळ्यानेच गप्प राहा म्हणून सांगितलं. इतर बायका नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतात, हिने गाण्यात घेतलं. दोघं घरी येऊन पोट धरून हसली होती. पुढे हसू सरलं आणि सवय तेवढी राहिली.

प्रफुल्ल गेला तेव्हा सत्यवतीने जेवण सोडलं. तिचा एकुलता एक होता तो. दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तेव्हा रुचिताने एक नवं गाणं बांधलं, नेहमीप्रमाणे प्रफुल्लचं नाव घातलं आणि 'त्यांचं राहिलेलं सापडलं' म्हणून बाळारामला दिलं. बाळाराम म्हणजे प्रफुल्लचा चुलत भाऊ, पेटी वाजवणारा, त्याच्यामागे गायन पार्टी तोच चालवत होता. ते गाणं ऐकलं आणि म्हातारी उठून बसली. त्या दिवशी दोन घास जेवली. पुढच्या वर्षी रुचिताने आणखी एक 'राहिलेलं' दिलं. खोटं एकदा घरात घेतलं की त्याला रोज जेवायला वाढावं लागतं.

आदल्या दिवशी दुपारी विहारात तालीम होती. रुचिताने नवं गाणं म्हणायला घेतलं. बाळारामच्या समजुतीने तेही प्रफुल्लचं 'राहिलेलं'च होतं.

"निळ्या कमानीखालून निघाली लेक माझी शाळंला,
पाटीवरती नाव लिहाया कोन आडवील आता तिला..."

बाळारामची बोटं पेटीवर थांबली.

"वैनी, ही कमान कंची?"

"आपलीच. वाडीच्या तोंडाची."

"ती तर औंदा मे महिन्यात उभी राह्यली. प्रफुल्लनं कुठून बघितली?"

नाव सांगायचं ते रुचिताने ठरवलं होतं, तिच्या वेळी, तिच्या पद्धतीने. असं चोर पकडल्यासारखं नव्हे. पण आता मागे फिरायला वाट नव्हती.

"त्यांनी नाही बघितली. मी बघितली. गाणं माझं आहे, भावजी. सगळीच माझी आहेत."

बाळारामने दाराकडे एक नजर टाकली. ढोलकीवाला नेमका चहा आणायला गेला होता, ते बरंच झालं.

"मला वाटायचंच कदी कदी," तो हळूच म्हणाला. "पन वैनी, झाकली मूठ ऱ्हाऊ दे. कमानीच्या जागी पिंपळ घालू. गा तूच, मी न्हाय म्हनत न्हाय. नाव मातर प्रफुल्लचंच घे."

"का?"

"काकीसाठी! ती ह्या येका गान्यासाठी वरीसभर जगते. उद्या तू तुझं नाव घेतलंस, तर तिचा पोरगा दुसऱ्यांदा जाईल. तुला चालंल?"

हा प्रश्न घेऊन रुचिता रात्रभर कूस बदलत पडली.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन असं तापलं की पत्र्याच्या मांडवाखाली माणसं भाजून निघाली. वंदना झाली, भाषणं झाली. पांढऱ्या साड्यांनी अंगण भरून गेलं होतं, आणि सगळ्यांत पुढे, खुर्ची नाकारून, सत्यवती सतरंजीवर मांडी घालून बसली होती.

"आता दरवर्षीप्रमाणं," निवेदकाने सांगितलं, "आपल्या दिवंगत प्रफुल्लनं लिहिलेलं गीत. यंदा वैनी स्वतः गातील."

टाळ्या पडल्या. रुचिता उठली. कापलेल्या केसांवर वाडीतल्या बायकांच्या नजरा खिळल्या आहेत हे तिला मागे न बघताही कळत होतं. बाळारामने सूर दिला आणि खालच्या आवाजात तेवढंच म्हणाला, "पिंपळ."

तिने कमानच म्हटली.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ताल जमला, दुसऱ्या कडव्याला पोरी टाळ्या वाजवू लागल्या. सत्यवतीचा चेहरा असा उजळला होता की रुचिताला तिकडे बघवेना. प्रफुल्ल की रुचिता? दोन्ही नावं त्या जागेवर सारखीच बसत होती. एक शब्द बदलला की म्हातारी सुखाने घरी जाईल, सवयीचा शब्द, जिभेवर तयार असलेला. आणि मग पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या? 'पाटीवरती नाव लिहाया' म्हणून गळा काढायचा आणि आपलंच नाव गिळायचं? तिला त्या क्षणी सासूची दया आली, नवऱ्याची आठवण आली, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"रुचिता सांगे, भीमरायानं दिली लेखणी हाताला..."

ढोलकी चुकली. पेटीचा एक सूर तसाच लांबत राहिला आणि थांबला. मागे कुजबुज सुरू झाली. सत्यवती हाताने जमीन रेटत उठली.

"काय म्हनलीस?"

"गाणं माझं आहे, आई." माईक चालू होता, सगळी वाडी ऐकत होती.

"आनि मागली दोन?"

"माझीच."

"आनि त्यो व्हता तवाची?"

"ती पण. त्यांना माहीत होतं. आम्ही दोघांनीच ठरवलं होतं. गळा त्यांचा, आई. गळा त्यांचाच होता."

सत्यवती रडली नाही. रडली असती तर सोपं झालं असतं. ती बोलली तेव्हा तिचा आवाज लहान पोरासारखा बारीक झाला होता.

"मागली दोन गानी त्यानं लिवताना मनात गायली असतील, असं मला वाटायचं. रातचं पडल्या पडल्या मी त्येच ऐकायची. त्याच्या गळ्यात. म्हंजे ती त्यानं कदीच गायली न्हाईत."

"नाही, आई."

"कदीच न्हाईत."

रुचिताला वाटलं, आपण खाली जावं, तिचे पाय धरावेत, म्हणावं की चुकले. पण ती चुकली नव्हती, आणि हेच सगळ्यांत वाईट होतं. बाळाराम पेटी मिटायला लागला.

"मिटू नको रं," सत्यवती म्हणाली. ती पुन्हा सतरंजीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि सुनेकडे बोट केलं. "घरी गेल्यावर मी तुझ्यासंगं बोलनार न्हाय. किती दिस, त्ये मला ठाव न्हाय. पन गानं अर्धं सोडू नको. पयल्यापासून म्हन. या टायमाला मला तुझं ऐकू दे."

बाळारामने सूर धरला. रुचिताने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. स्वतःच्या नावापाशी तिचा आवाज फाटला, तरी तिने कडवं पुरं केलं.