लव्हिनाची दुसरी बॅटरी

लव्हिनाने सायकलच्या दांड्यातल्या खोबणीत बॅटरी बसवली, किल्ली फिरवली आणि वरून तळहाताने एक थाप मारली. मग पडवीतली दुसरी बॅटरी उचलून कॅरिअरला बांधलेल्या चामडी पिशवीत सरकवली आणि दोन्ही पट्टे दात-ओठ खाऊन आवळले. डीकन अर्विन आपली सायकल धरून फाटकापाशी उभा होता. आल्यापासून तो पिशवीकडेच बघत होता.

"बघून झालं?" लव्हिनाने विचारलं. "की वजनही करायचंय?"

"ही पिशवी कुणी शिवली?"

"मी. का?"

अर्विन वाकला. चाळीस वर्षं त्याने घोड्यांचे साज शिवण्यात काढली होती. टाका बघितला की शिवणाऱ्याची कुंडली त्याला कळायची. दोन सुयांची शिवण, टाक्याला टाका लागून, कडा मेण लावून घासलेल्या. आत जुन्या रजईची घडी, म्हणजे रस्त्याचे दणके बॅटरीला बसायला नकोत. खोट काढायला आलेल्या माणसाला खोट सापडेना.

"बरी आहे," तो म्हणाला. अर्विनच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं.

अर्थात तो काही शिवण तपासायला आला नव्हता. चर्चची शिस्त राखणं हे डीकनचं काम, म्हणून बिशप अ‍ॅटलीने त्याला पाठवलं होतं. त्यांची मंडळी अमिश, जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांची; तिथे कुणाच्या घरात विजेची तार नव्हती की दारात मोटार नव्हती. सहा वर्षांपूर्वी बराच खल झाला आणि बॅटरीची सायकल चालेल असं ठरलं. गोठ्याच्या छपरावरच्या सोलर पॅनलवर बॅटरी भरायची आणि आपल्या आपल्यात फिरायचं. एकीवर एक अशी दुसरी बॅटरी कुणी बरोबर नेईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते आलं साठीच्या विधवा लव्हिना रेबरच्या डोक्यात. एक आड एक गुरुवारी ती दोन बॅटऱ्या घेऊन तीस मैल जायची आणि तीस मैल परत यायची. कुठे जायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाकडे, डेल्बर्टकडे.

डेल्बर्टने बाप्तिस्मा घेतला होता, मंडळीसमोर गुडघे टेकून वचन दिलं होतं, आणि मग मोटार घेऊन दुसऱ्या चर्चची वाट धरली होती. तीन वर्षांपूर्वी मंडळीने त्याला वाळीत टाकलं. त्याआधी दोनदा जाऊन त्याला समज देऊन आला होता तो हाच अर्विन. वाळीत टाकलेल्याला भेटायला बंदी नव्हती. पण त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, हा नियम होता. तीस मैलांवर लव्हिना काय करते ते बघायला कोण बसलंय, अशी कुरकुर बिशपच्या कानावर गेली होती. प्रभुभोजनाआधीच्या बैठकीत नियम ठरायचे होते. अर्विनने नुसती नकाराची मान हलवली असती तरी दुसरी बॅटरी बंद झाली असती. एका बॅटरीवर लव्हिना मुलाकडे पोचली असती, पण परत आली नसती. आणि दर पंधरा दिवसांनी कुणाची मोटार भाड्याने करणं तिला झेपणारं नव्हतं.

"आज मी येतो तुझ्याबरोबर," अर्विन म्हणाला.

लव्हिनाने त्याची सायकल पुढून मागून पाहिली. "एका बॅटरीवर?"

"नवी आहे माझी बॅटरी."

"नवी असो नाहीतर सोन्याची असो. तीस मैल आहेत, आणि वाटेत सात चढ."

"लव्हिना, तू शाळेत पाटी घेऊन यायचीस तेव्हा मी घोडागाडी हाकत होतो. किती पल्ला कसा काढायचा ते मला शिकवू नकोस."

"तेच तर म्हणतेय मी," लव्हिना म्हणाली आणि टोपीची नाडी हनुवटीखाली बांधून निघाली.

जूनची सकाळ होती. दोन्हीकडे गुडघाभर मका, आणि अजून ऊन तापलं नव्हतं. लव्हिनाने बॅटरीचा जोर एकवर ठेवला आणि सावकाश, एका लयीत पायडल मारत राहिली. अर्विनचं सगळं वेगळं. सपाटीला तो तिच्या मागे राहायचा आणि चढ लागला की जोर पाचवर टाकून सुसाट वर जायचा. घोड्याला चढावर रेंगाळू द्यायचं नसतं. माथ्यावर झाडाची सावली बघून उतरायचा, सायकल सावलीत उभी करायचा आणि तिला पाच मिनिटं दम खाऊ द्यायचा. दुसऱ्या चढाला त्याने सायकलच्या दांड्यावर दोनदा थोपटलंसुद्धा.

"अर्विन, हा घोडा नाही," लव्हिना म्हणाली.

"तू पुढे हो."

"दम खाऊन काही भरत नाही तिच्यात."

"नाही म्हणतेस? थांब, दाखवतो." पाचव्या चढाच्या माथ्यावर हँडलवर बॅटरी दाखवणाऱ्या पाच पट्ट्यांपैकी एकच उरली होती. त्याने सायकल ओकच्या सावलीत टेकवली, टोपी काढून घाम पुसला. थोड्या वेळाने बघतो तर एकीच्या दोन पट्ट्या झाल्या होत्या. खरंच झाल्या होत्या. सहासष्ट वर्षांच्या त्या गंभीर माणसाचा चेहरा पोरासारखा उजळला. "ही बघ! ही बघ! म्हणे भरत नाही!"

लव्हिनाने वाकून पाहिलं. हसू येऊ नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले होते. "फसवतेय ती तुला," ती म्हणाली. "विसावली की अशी उगाच वर दाखवते. पुढचा चढ लागला की कळेल."

पुढचा चढ लागला, आणि कळलं. अर्ध्यावर दोन्ही पट्ट्या एकदम गेल्या आणि सायकल लोखंडाच्या ढिगासारखी जड झाली. अर्विन उतरला आणि दुखरा गुडघा ओढत, ती ढकलत ढकलत वर आला. एकवीस मैल झाले होते. लव्हिना माथ्यावर थांबली होती. 

तिने पिशवीचे पट्टे सोडले. "काढ ती रिकामी."

"ही तुझी परतीची आहे."

"आहे."

"मग तू परत कशी येणार?"

"ते तिथे गेल्यावर बघू. तुला काय इथे मक्यात टाकून जाऊ? तुझी बायको मला जिती सोडेल का?"

दोघांच्या सायकली एकाच दुकानातल्या, त्यामुळे बॅटरी चपखल बसली आणि रिकामी पिशवीत गेली. अर्विनला एकदम काहीतरी सुचलं. "तसं काळजीचं कारण नाही म्हणा. डेल्बर्टच्या घरात वीज आहे. तिथे भरून घेत असशीलच की तू."

लव्हिनाची कंबर ताठ झाली.

"तीन वर्षांत एकदाही नाही," ती म्हणाली. "वाळीत टाकलेल्या माणसाच्या हातून घ्यायचं नाही, हे तूच माझ्या ओट्यावर उभा राहून मला सांगितलंस. मग त्याच्या घरची वीज ही त्याच्या हातचीच नाही का? म्हणून तर ही धोंड घेऊन फिरते. नाहीतर एवढं ओझं वाहायची कुणाला हौस आलीय? आता जोर एकवर ठेव आणि पायडल मार. देवाने पाय दिलेत ना?"

तिने पायडल मारलं आणि ती निघालीसुद्धा. अर्विन क्षणभर तिथेच उभा राहिला. गावभर जिच्याबद्दल कुजबुज चालली होती ती ही बाई. कुणी बघत नाही अशा तीस मैलांच्या टोकावर ती नियम पाळत होती, आणि पाळता यावा म्हणून तिने दोन सुयांनी पिशवी शिवली होती. आपण एवढी वर्षं डीकन म्हणून मिरवलो, पण नियमासाठी असं डोकं आपण कधी चालवलं का? त्याला तिचं मनापासून कौतुक वाटलं आणि स्वतःची थोडी लाजही वाटली. उरलेले नऊ मैल त्याने जोर एकवर ठेवला आणि तिच्या मागोमाग, तिच्याच लयीत पायडल मारलं.

डेल्बर्ट शेडमधून हात पुसत बाहेर आला. आईमागे डीकनची काळी टोपी दिसली आणि त्याचे हात थांबले.

"आता कशातून काढायला आलात?" तो म्हणाला. "मंडळीतून तर काढलंच."

"डेल्बर्ट!" लव्हिना म्हणाली.

"असू दे," अर्विन म्हणाला. "बोलू दे त्याला."

तीन वर्षांची नोरा धावत आली आणि आजीच्या पायांना बिलगली. पडवीत दोन टेबलं मांडलेली होती, मध्ये वीतभर फट. एकावर डेल्बर्ट, त्याची बायको आणि लेक. दुसऱ्यावर लव्हिना बसली आणि तिने घरून आणलेला पाव आणि बोलोना सॉसेज फडक्यातून काढलं. तिचा अर्धा पाव तिने न विचारता अर्विनपुढे सरकवला. फटीच्या पलीकडून नोराने पेल्यात पाणी आणून दिलं. तिच्या हातून घ्यायला हरकत नव्हती. तिने अजून कसलं वचन दिलं नव्हतं तर मोडणार काय? जेवताना लव्हिनाची नजर मुलावरून हलत नव्हती, आणि त्या नजरेवर मंडळीचा कुठलाच नियम नव्हता.

जेवण झाल्यावर अर्विन उठला. आपल्या सायकलीतून तिची बॅटरी काढून त्याने तिच्यापुढे टेबलावर ठेवली.

"नऊ मैल वापरलीय. जास्त नाही."

"तूच ने ती," लव्हिना म्हणाली. "माझीत थोडी उरलीय, ती मी इथे भरून घेते. तू मंडळीचा डीकन आहेस. मला विचारलं तर मी कबूल करीन."

"आणि तीन वर्षं?"

"गेली तर गेली."

ते तिने सहज म्हटलं, पण फडक्याची घडी तिने दोनदा मोडून पुन्हा घातली. आजूबाजूला दोन मैल नुसता मका होता. दार ठोठावायला दुसरं घर नव्हतं.

डेल्बर्ट सगळं ऐकत होता. तो आत गेला आणि खिडकीतून एक लांब वायर बाहेर सोडली. पडवीत येऊन त्याने तिचं टोक कठड्यावर ठेवलं, कुणाच्या हातात दिलं नाही, आणि दोन पावलं मागे सरून हात पाठीमागे बांधले. खाली ठेवलेली वस्तू उचलली तर चालते, अशी पळवाट काही मंडळ्यांत होती. अर्विनच्या मंडळीत नव्हती. ते त्या तिघांनाही ठाऊक होतं.

बाहेर पडताना घोड्याचा दाणा बरोबर घ्यायचा, या जन्माच्या सवयीने अर्विनने चार्जर आणला होता. तो कुठे लावणार याचा मात्र विचार केला नव्हता. तो आपल्या सायकलच्या थैलीतून काढून त्याने रिकाम्या बॅटरीला जोडला आणि कठड्यावरचं टोक उचललं.

"अर्विन," लव्हिना हळूच म्हणाली.

"तू पट्टे आवळ," तो म्हणाला. "दिवसाउजेडी घरी पोच."

चार्जरवर लाल दिवा लागला. लव्हिना बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिली. मग तिने नातीचा मुका घेतला, दोन्ही बॅटऱ्या जागच्या जागी लावल्या आणि मागे न बघता गेली.

अर्विन पायरीवर बसला. जरा अंतर ठेवून डेल्बर्टही बसला.

"चार तास लागतील," डेल्बर्ट म्हणाला.

"लागू देत."

"मागच्या खेपेला दहा मिनिटांत उठून गेला होतात."

"तेव्हा घोडा ताजा होता," अर्विन म्हणाला.

डेल्बर्ट खाली मान घालून हसला. मग हसू ओसरलं, आणि त्याने विचारलं, आईचा गोठा कोण बघतं, छप्पर गळतं का, हिवाळ्यात लाकूड कोण फोडून देतं. अर्विनला माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं. जे माहीत नव्हतं, असंही बरंच निघालं.

शनिवारी सकाळी तो बिशपच्या गोठ्यात गेला. अ‍ॅटली गवत ओढत होता.

"गेला होतास?"

"गेलो होतो."

"मग? दोन-दोन बॅटऱ्या कशाला लागतात तिला?"

अर्विनने टोपी काढून हातात धरली. "अ‍ॅटली, उद्या मला मंडळीसमोर उभं राहायचंय. कबुली द्यायचीय. वाळीत टाकलेल्या माणसाकडून मी वीज घेतली. चार तास."

बिशपने हातातलं दाताळं भिंतीला टेकवला. "तू?"

"मी."

"आणि ती?"

"तिने नाही घेतली. तीन वर्षांत कधीच नाही," अर्विन म्हणाला. "तिच्याकडे दोन होत्या. माझ्याकडे एकच."