मागच्या बाकावरची दौत

मी दौत बोलतेय. खरं तर मी हे सांगायचं नाही. एडनाबाईंनी वर्गाचं दार लोटून तसं बजावलं होतं, "इथलं बोलणं बाहेर जायचं नाही." मुलींनी माना डोलावल्या. मला कुणी विचारलं नाही, तरी मीही गप्पच राहिले. आता मात्र राहवत नाही.

माझा जन्म कल्याणच्या कुंभारवाड्यातला. ज्या चाकावर पणत्या आणि बोळकी झाली, त्याच चाकावर मी झाले. पेंढ्यात बसून बैलगाडीनं ठाण्याला आले आणि मुलींच्या एका लहानशा शाळेत शेवटच्या बाकाच्या भोकात जाऊन बसले. शाई पुढच्या दौतींत आधी भरायची. माझ्यापर्यंत येईतो तिच्यात पाणी घातलेलं असायचं. कुणी माझ्यात पेन्सिलीचे तुकडे टाकायचं, कुणी मेलेली माशी. माझ्याकडे रोज प्रेमानं यावं असं कुणी नव्हतं.

मग एमा आली. खाडीकाठच्या गावातल्या ख्रिस्ती घरातली, तेरा वर्षांची, कुणी बघितलं की मान खाली घालणारी. घरी सगळे मराठी बोलत. इंग्रजीशी तिची ओळख जेमतेम वर्षाची. ती टाक माझ्यात हळूच बुडवायची आणि माझ्या काठाला टेकवून जादा शाई निथळू द्यायची. लिहिण्याआधी वाक्य आपल्या बोलीत पुटपुटायची, मग एकेक इंग्रजी शब्द शोधून ठेवायची. त्यामुळे ती काय लिहिते ते मला आधी कळायचं.

पुढच्या बाकावरची लक्ष्मी मागं वळून म्हणायची, "काय गं, तुझ्या शब्दांना खारा वारा लागला का? सगळे विरघळले!" एमाही हसायची, पण मग लिहिलेला शब्द खोडून पुन्हा लिहायची.

तिचे वडील वॉल्टर मिठागरावर काम करीत. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सायबाच्या परीक्षेत पास झाली त शाळा. नाय त मावशीबरोबर मुंबयला, बंगल्यात कामाला." एमानं हे मैत्रिणीला सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत, बाकावर डोकं टेकून, मला सांगितलं.

साहेब म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. दरवर्षी आगगाडीनं येत आणि सगळ्या शाळांना इंग्रजी निबंधाचा एकच विषय देत. म्हणून एडनाबाई निबंध पाठ करून घेत. घोडा, पावसाळा, हिवाळा. त्यांच्या हिवाळ्यात बर्फ पडायचा आणि माणसं शेकोटीपाशी बसून गोष्टी सांगायची. एमाला ते काही केल्या पाठ होईना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी एमाला आणि आणखी दोघींना थांबवलं. दार लोटलं.

"उद्या तुम्हाला ताप आहे," बाई म्हणाल्या. "घरीच राहा. शाळेचं नाव खाली जायला नको."

"बाई, मी बसते ना. थोडं थोडं येतं मला," एमा म्हणाली. एवढं मोठं वाक्य ती वर्गात पहिल्यांदाच बोलली असेल.

"थोडं थोडं चालत नाही गं, बाळ. साहेबांना सगळ्या मुली सारख्याच."

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत बसले, कागद वाटायला निघाले, तोच दारात वॉल्टर उभे. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, हातात एमाचा हात.

"बाई, पोर म्हनते ताप हाय. मी कपाळ बघितलं, गार हाय. घाबरली, दुसरं काय! तुमीच हात लावून बघा."

सगळा वर्ग वळला. साहेबही पाहू लागले. एमा बाईंकडे बघेना आणि बापाकडेही बघेना. खरं बोलली तर बाई खोट्या पडणार, नाही तर आपण.

बाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. लगेच काढला नाही. शेवटी म्हणाल्या, "गार आहे. जा, बस."

आणि पुढच्या दौतींच्या आधी माझ्यात शाई ओतली.

विषय निघाला हिवाळा. टाक भराभर चालू लागले. ठाण्याच्या त्या वर्गात कागदाकागदावर बर्फ पडला. एमाच्या कागदावर मात्र बर्फ नव्हता. ती पुटपुटत होती, "हिवाळ्यात मिठागराचं काम सुरू होतं. बाबा पहाटे पाण्यात उभे राहतात. मिठानं त्यांचे पाय फुटतात. आई तेल गरम करून लावते." एवढंच. तेही अडखळत, खाडाखोड करत.

ती नापास झाली.

निकालाच्या दिवशी वॉल्टर आले. वर्ग रिकामा होता. बाईंनी एमाचा कागद काढला. त्यावर लाल रेघा होत्या. बाईंनी तो मराठीत वाचून दाखवला. ‘पाय फुटतात’ इथं आल्यावर वॉल्टर आपल्या पायांकडे बघू लागले.

"हे इंग्रजीत लिवलंय?"

"हो."

"माझे पाय?"

"हो. चुका पुष्कळ आहेत."

"सायबानं वाचलं?"

"शेवटपर्यंत."

वॉल्टरनी डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. "मंग अजून एक वरीस बसू दे तिला. मावशीला मी सांगतो."

बाईंनी होकारार्थी मान डोलावली.

आता माझ्या काठाचा जरा टवका उडाला आहे. आज पुन्हा साहेबांचा दिवस. सकाळी बाईंनी हजेरी घेतली, कुणालाही ताप नाही. एमा मागच्याच बाकावर आहे, अजून पुटपुटते. पास होईल की नाही, मला सांगता येत नाही. तिच्या शेजारी एक नवी मुलगी आहे, तिला तर अजून नावही नीट लिहिता येत नाही. तिनं आत्ताच दोनदा टाक माझ्याकडे आणला आणि कोराच मागं नेला. तुम्हाला एकच सांगणं आहे. नवी भाषा शिकणाऱ्या पोरीला चुका करायला सगळ्यांबरोबर बसवा, कारण वर्गाबाहेर बसून तिला जे लिहायचं असतं ते—

तेवढ्यात बाईंचा आवाज, "एमा, ती दौत भोकातून काढून जरा मधे ठेव गं, हिचा हात पोचत नाही!"