दिसावे, पण ऐकू येऊ नये

बालवीरांच्या पुस्तिकेत प्रत्येक पायरीच्या अखेरीस एक अट न चुकता येते: पथकप्रमुखासमोर बसून त्याच्याशी बोलणे. गाठी मारून झाल्या, होकायंत्र लावून झाले, तळे पोहून झाले, एकवीस कौशल्यचिन्हे पट्ट्यावर शिवून झाली, तरी ते बोलणे झाल्यावाचून वरची पायरी चढता येत नाही. ती परीक्षा नव्हे. तीत कोणी अनुत्तीर्ण होत नाही. दोन खुर्च्या मांडायच्या, मुलाला त्याचे कसे काय चालले आहे ते विचारायचे, आणि मग ऐकायचे. संकेत एवढाच, की त्या खुर्च्या सर्वांना दिसाव्यात, पण तेथले बोलणे कोणाला ऐकू येऊ नये. आणि जे बोलले गेले ते तेथेच राहावे.

पथकप्रमुख वेन नीमेला हा त्या खुर्चीत सतरा वर्षे बसत आला होता. हिवाळ्यात तो काउंटीची बर्फ लोटणारी गाडी चालवी, उन्हाळ्यात रस्त्यांचे खड्डे बुजवी, आणि दर मंगळवारी संध्याकाळी ल्यूथरन चर्चच्या तळघरात पथक भरवी. घरीदारी तो अबोल म्हणून प्रसिद्ध होता. पण त्या खुर्चीत बसला की त्याच्या मौनाला वेगळेच रूप येई. मुले त्या मौनात हलकेच उतरत आणि मनातले बोलून जात. कोणाचा बाप पितो, कोणाला अंधाराची भीती वाटते, कोणाला खाणीत नोकरी करायची नाही पण घरी सांगायचे धैर्य होत नाही, हे सारे वेनला ठाऊक होते. त्याच्या हाताखाली तेवीस मुले सातव्या, शेवटच्या पायरीला पोचून गरुड झाली होती, आणि त्या तेविसांपैकी एकाचीही गोष्ट त्याने कधी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

स्वतःच्या मुलासमोर मात्र तो त्या खुर्चीत एकदाही बसला नव्हता.

त्याला कारण होते. वेन लहान असताना त्याच्याच पथकाच्या प्रमुखाने आपल्या मुलाला तेराव्या वर्षी गरुड केले होते. गावाने टाळ्या वाजवल्या आणि पाठ फिरताच तोंडे वाकडी केली. त्या मुलाला पोहता येत नाही, हे सर्वांना माहीत होते. तो पुढे कायमचा गाव सोडून गेला. म्हणून वेनचा मुलगा कोल्बी अकराव्या वर्षी पथकात आला, त्याच दिवशी वेनने नियम घालून दिला: कोणत्याही बापाने स्वतःच्या मुलाच्या पुस्तिकेवर सही करायची नाही, आणि त्याचे बोलणेही दुसऱ्यानेच ऐकायचे.

कोल्बीला हे ठाऊक नव्हते. पहिल्याच मंगळवारी तो रांगेत उभा राहून बापाच्या टेबलाशी आला आणि दोराचा तुकडा पुढे धरून म्हणाला, "बाबा, ही बघा. कितीही ओढा, घसरत नाही."

वेनने गाठ पाहिली. ती निर्दोष होती.

"मिस्टर पेल्कींना दाखव," तो म्हणाला.

"पण तुम्ही इथेच तर बसलाय."

"इथे मी बाबा नाही. इथे मिस्टर नीमेला."

रांगेतली पोरे खुसखुसली. कोल्बीने गाठ सोडली नाही. तशीच घेऊन तो ऑरिन पेल्कीच्या टेबलाकडे गेला. ऑरिन हा वेनचा सहायक, टपालखात्यातून निवृत्त झालेला, नेहमी लोकरीची टोपी घालणारा. त्याने गाठ दोनदा ओढून पाहिली, तिसऱ्यांदा दातांनी ओढली, आणि पोरगा हसला तेव्हाच सही केली.

घरी बायकोला, लिओनाला, हे कळले, तेव्हा ती ओट्याशी भांडी पुसत होती. "गावातल्या तीस पोरांचा बाप झालास," ती म्हणाली. "घरचं तेवढं एक पोरकं ठेवलंस बघ."

"लोकांनी उद्या त्यालाच बोल लावू नये, म्हणून केलंय, लिओना."

"हो रे बाबा. नियम म्हणजे तुझा, दगडावरची रेघ."

त्या रेघेवर कोल्बी सहा पायऱ्या चढला. सहाही वेळा ऑरिनच त्याच्यासमोर बसला. वेनला अभिमान वाटे. नियमाचा अधिक की मुलाचा, हे त्याने कधी निवडून पाहिले नाही. मग लिओना आजारी पडली आणि गेल्या एप्रिलमध्ये, सरोवरावरचे बर्फ फुटत असताना, गेली. त्यानंतर घरात दोन पुरुष उरले. ते एकमेकांशी बर्फाविषयी बोलत, गाडीच्या बॅटरीविषयी बोलत, चर्चच्या बायकांनी फ्रीजमध्ये भरून ठेवलेल्या, आत मांस-बटाटा भरून भाजलेल्या पास्ट्यांपैकी आज किती गरम करायच्या याविषयी बोलत. तिचे नाव दोघांपैकी कोणीच घेत नसे. प्रत्येकाला वाटे की घेतले तर दुसऱ्याला सोसणार नाही.

मार्चच्या नऊ तारखेला कोल्बी अठरा वर्षांचा होणार होता. अठरा पूर्ण होण्याआधी सर्व अटी पुऱ्या झाल्या तरच गरुड होता येते, त्यानंतर नाही. फेब्रुवारी सरत आला तेव्हा दोनच गोष्टी उरल्या होत्या, अर्ज आणि ते शेवटचे बोलणे. वेन रोज पहाटे बर्फ लोटत चौदा मैल जाई आणि चौदा मैल येई, आणि त्या अठ्ठावीस मैलांत एकच वाक्य मनात घडवी. रविवारी दुपारी जेवताना त्याने ते उच्चारले.

"मंगळवारी तुझं शेवटचं बोलणं आहे ना? या वेळी तुझ्यासमोर मी बसतो."

कोल्बी पास्टीवर केचप ओतत होता. त्याने बाटली खाली ठेवली. "मिस्टर पेल्कींना सांगून ठेवलंय मी. सात वाजता."

"ऑरिनला मी सांगतो. तो काही रुसायचा नाही."

"पण नियम आहे ना."

"नियम मीच केला होता. मोडायचा तर मीच मोडू शकतो."

कोल्बीने बाटलीचे झाकण लावले. "मग तो आधीही मोडता आला असता," तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य वेनला अधिक लागले. "तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही म्हणत, बाबा. त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत आहे. तुमच्यासमोर बसलो, तर सुरुवात कुठून करू?"

वेनने हात पुढे केला. "केचप दे इकडे," तो म्हणाला.

मंगळवारी सात वाजता तळघराच्या दूरच्या कोपऱ्यात, कोट टांगण्याच्या खुंट्यांखाली, दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. मधल्या जागेत लहान मुले एकमेकांच्या हातापायांना खपच्या बांधायला शिकत होती आणि हाडे मोडल्याचा अभिनय करीत कण्हत होती. वेन स्वयंपाकघरात होता. तेथल्या भिंतीला जेवण वाढण्याची मोठी खिडकी आहे. तिच्याशी उभे राहिले की सारे तळघर दिसते. तो कप पुसू लागला.

असे बोलणे वीस मिनिटे चालते. फार तर अर्धा तास. अर्धा तास झाला. पुसलेले कप वेनने पुन्हा धुतले. कोल्बीचे हात हवेत काहीतरी रेखाटत होते, लांब, उतरते. एकदा तो हसला, मान डावीकडे टाकून, जशी लिओना हसे तसा; आणि वेनच्या ध्यानात आले की हे हसू या मुलाकडे आहे हे तो विसरूनच गेला होता. पाऊण तास झाला. ऑरिनने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सतरा वर्षांत वेनने त्याला चर्चच्या तळघरात टोपी काढताना पाहिले नव्हते. मग कोल्बी पुढे वाकला, कोपरे मांड्यांवर टेकली, आणि गळ्यातल्या स्कार्फचे टोक डोळ्यांशी धरले. त्याचे खांदे हलत होते.

आईच्या दफनाच्या दिवशी हे खांदे हलले नव्हते. वेन तेव्हा त्याच्या शेजारीच उभा होता आणि मुलगा किती खंबीर आहे, असे त्याच्या मनात आले होते.

हातातले फडके ठेवून तो स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आला, दोन पावले चालला. पायाला खपच्या बांधून घेऊन जमिनीवर पडलेल्या एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाने वर पाहिले. "सर, कोल्बी रडतोय का?"

वेन थांबला. त्याच्या आयुष्यभराच्या शिस्तीने त्याला जागच्या जागी धरून ठेवले. "तुझा पाय मोडलाय," तो म्हणाला. "मोडक्या पायाने मान वर करू नये." आणि तो परत खिडकीशी जाऊन उभा राहिला.

सव्वा तासाने ऑरिन आत आला. "कॉफी उरलीय का, की उंदरांना पाजलीस?"

वेनने कप भरून दिला. "झालं?"

"झालं. केली सही."

"बराच वेळ लागला."

"हं."

"ऑरिन, काय म्हणाला तो?"

ऑरिनने कप हातात दोनदा फिरवला. "सतरा वर्षांत मी तुला असं विचारलंय कधी?"

"माझा मुलगा आहे तो."

"म्हणून तर सांगत नाही. पेल्की म्हातारा चुगलखोर निघाला असं त्याला कळलं, तर पुढे कुणाकडे जाईल पोरगं?" त्याने घोट घेतला. "त्यालाच विचार ना, वेन. पण गाडीत विचारू नकोस. गाडीत तू रस्त्याशी बोलतोस."

वेनने गाडीतच विचारले. दुसरी जागा त्याला ठाऊक नव्हती. समोरच्या काचेवर बर्फ येऊन आपटत होते आणि रस्ता त्यात हरवत होता. "सात वर्षांत सगळ्यात कठीण काय गेलं तुला?"

"वेळेचं नियोजन, सर," कोल्बी म्हणाला.

पायरी देण्याआधी पंच मुलांना प्रश्न विचारतात, त्या बैठकीत सगळी मुले हेच उत्तर देतात. 'सर' हा शब्द घरच्या गाडीत आला आहे, हे दोघांच्याही लक्षात आले. दोघांनीही तो परत घेतला नाही.

अर्जासोबत आईबापांचे एक पत्र जोडायचे असते. ते बंद लिफाफ्यात पंचांकडे जाते आणि ज्याच्याविषयी असते त्याने ते वाचायचे नसते. दरवर्षी मुलांचे आईबाप वेनकडे येऊन, काय लिहू, असे विचारीत, आणि तो त्यांना सांगे, "अर्जात आहे ते लिहू नका. फक्त तुम्हालाच माहीत असेल असं लिहा." शनिवारी सकाळी न्याहारीनंतर तो स्वतः कागद घेऊन बसला.

पहिले पान झरझर लिहून झाले. एकवीस चिन्हे. पथकनायक म्हणून वर्षभर काम. गावासाठी केलेले सेवाकार्य: सरोवराकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांना कठडा, एकशे शहाऐंशी तासांचे श्रम. येथे लेखणी थांबली.

त्या पायऱ्यांना गेली तीस वर्षे कठडा नव्हता आणि कोणाचे काही अडले नव्हते. ऑक्टोबरात वेनने स्वतः तेथे खड्डे खणले होते, खांब ओळंब्यात आहेत की नाहीत ते तपासले होते, 'दोन इंच डावीकडे' असे मुलाला सांगितले होते. एवढ्या दिवसांत, याच पायऱ्या का, असे त्याने एकदाही विचारले नव्हते. लिओनाच्या शेवटच्या शरदात मंगळवारी दुपारी कोल्बी तिला गाडीतून सरोवराकडे नेई. त्या वेळी वेन चर्चमध्ये टेबले मांडत असे. ती पाण्यापर्यंत उतरू शकत होती की वरूनच परतत होती, हे त्याला माहीत नव्हते. ते माहीत असणारी दोनच माणसे होती. त्यांतली एक गेली होती आणि दुसऱ्याने ते ऑरिनला सांगितले होते, हातांनी, लांब, उतरते.

त्याने पान फाडले आणि नव्या पानावर लिहिले:

'मी कोल्बीचा बाप. आपल्या मुलांविषयी अशी पत्रे कशी लिहावीत, हे मी पुष्कळांना सांगितले. याच्याविषयी मला थोडेच सांगता येते आणि त्यात दोष त्याचा नाही. आई आजारी असताना तो तिचे केस विंचरीत असे. मी ते दारातून पाहिले आणि आत गेलो नाही. त्याने त्या पायऱ्यांनाच कठडा का केला, हे त्याला विचारा. तो सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. मी विचारायला हवे होते. वेन नीमेला.'

दार उघडले. कोल्बी अंगणातले बर्फ उपसून आत आला होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "झालं पत्र? अकराला मिस्टर पेल्की अर्ज न्यायला येणारेत."

वेनने कागद उघडाच त्याच्यापुढे धरला. "वाच."

"मी वाचायचं नसतं ते."

"माहीत आहे. सगळ्यांना मीच सांगत आलोय. तरी वाच."

कोल्बीने ओले हात पँटला पुसले आणि कागद घेतला. तो कागद त्याच्या हातात होता तोवर वेन थांबून राहिला, जसा तो परक्या मुलांसमोर थांबत असे तसा, घाई न करता, श्वाससुद्धा हलका ठेवून. पण कोल्बीने नजर कागदावर नेलीच नाही. ती वेनच्या खांद्यावरून भिंतीकडे लागली होती. मग त्याने त्या कागदाच्या नीट तीन घड्या केल्या, तो लिफाफ्यात सरकवला, डिंकाची कड जिभेने ओली केली आणि अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेली.

"असू दे, बाबा," तो म्हणाला. सांत्वन करावे तितक्या हळुवारपणे. "नियम आहे."

तो लिफाफा टेबलावर ठेवून बाहेर गेला. वेन उठला, कोट चढवला, बूट घातले, आणि दार उघडून पायरीवर उभा राहिला. अंगणापासून रस्त्यापर्यंतची वाट सरळ, स्वच्छ, दोन्ही कडांनी सारखी कापलेली होती. कोल्बी गाडीच्या काचेवरचे बर्फ खरवडत होता.

"दे, मी करतो," वेन म्हणाला.

"झालंच आहे," कोल्बी म्हणाला, आणि उरलेली काच खरवडू लागला.