मला मालिश केली आणि मी तुटलो

मी चाकाचा बोल्ट बोलतोय. म्हणजे बोल्टचं नुसतं डोकं. खालचं धड वेगळं झालंय आणि मी अजून धक्क्यातच हाय.

क्रांतीच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात आम्ही पाच जण. चाक धरून ठेवायचं, एवढंच काम. क्रांती काटेकोर पोरगी. पहिल्या पगारातनं तिनं काय घेतलं? टॉर्क पाना, म्हंजे ठरल्या जोरालाच आवळणारा. आकडा एकशेदहावर लावायचा, आवळायचं, 'कट्ट' वाजलं की थांबायचं. त्यातला बराचसा जोर आमचे आटे घासण्यातच जातो, थोडाच आम्हाला ताणतो. पण हे कोरड्या बोल्टचं झालं.

खंडेनवमीला तिनं चाकं काढून धुतली, आम्हाला परातीत ठेवलं आणि चहाला आत गेली. तेवढ्यात तिचे आजोबा आले. गणपतराव, तालमीतले जुने पैलवान. त्यांनी आमच्या डोक्यांना हळद-कुंकू लावलं. इथपर्यंत ठीक. मग मालिशच्या तेलाची बाटली काढली.

"कोरड्या अंगानं कोण मेहनत करतं व्हय रं?" मलाच म्हणाले.

एकेका आट्यात अंगठ्यानं तेल जिरवलं. खरं सांगतो, बरं वाटलं.

क्रांतीनं येऊन आम्हाला परत चाकात बसवलं, तिला तेल काय दिसलंच न्हाय. आकडा तोच, 'कट्ट' तेच, पण घासणं कमी झालेलं. उरलेला सगळा जोर माझ्या कमरेत. मी ओरडलो. बोल्टचं कोण ऐकतंय?

दसऱ्याला दोघं आजऱ्याला निघाले. चाक काढलं की पन्नास किलोमीटरवर पुन्हा तपासायचं, हा क्रांतीचा नियम. रस्त्याकडेला थांबून तिनं पाना लावला. 'कट्ट' आलंच न्हाय. मी आलो.

ती माझ्याकडं बघतच राहिली. शेजारचा काढला, तर तो तेलानं चमकत होता. तिनं वास घेतला.

"आबा! ह्याला तेल लावलंय?"

"व्हय, लावलं की. घाण्याचं हाय."

"आवो, तेलानं प्रमाणाबाहेर आवळलं जातंय! असंच पुढं गेलो असतो, तर चाक निखळलं असतं!"

आबांनी मला उचलून तळहातावर घेतलं. "गाडी तर तू चालवत हुतीस, पोरी. माझ्या तेलानं तुलाच काय झालं असतं तर," एवढंच म्हणाले.

फोन केल्यावर गॅरेजवाला चारी चाकांचे नवे वीस बोल्ट घेऊन आला. आबांनी साबणानं हात धुतले, टॉवेलात धरून एकेक कोरडा बोल्ट नातीच्या हातात दिला.

मला वाटलं, माणूस सुधारला.

आता मी त्यांच्या देवघरात असतो. दर शनिवारी मला मालिश होते. पावणं, हात लईच शिवशिवले तर इकडं या. मी तुटलोच हाय, मला लावा. चाकातल्यांना तेवढं सोडा.