लाल चिंधीचा दोडका

मी दोडका बोलतोय. हसलात ना? हसा. ताटात मला पाहून नाकं मुरडणारी माणसं मला नवी नाहीत. पण मी भाजीचा दोडका नव्हे, बियाण्याचा. हा मान वेलावरच्या एखाद्यालाच मिळतो, तेव्हा बोलण्यात थोडा ताठा आला तर सांभाळून घ्या.

मंगरूळपीरच्या अलीकडे, रस्त्याला लागून आवडाबाईचं भाजीचं वावर आहे. तिथल्या मांडवावर माझा जन्म झाला. आमची जात आखूड, जाड, फिकट हिरवी. कितीही ऊन तापलं तरी कडू होत नाही. बाजारात बायका पाटीवर वाकून विचारतात, "आवडाबाईचेच हायेत ना?" हे बी तिला सासूनं दिलं. सासूला कुणी दिलं, ते आता कुणालाच आठवत नाही. दुकानाच्या पाकिटात ते मिळत नाही, एवढं मात्र खरं.

दरवर्षी पहिल्या तोड्याला आवडाबाई मांडवाखाली मान वर करून फिरते, चार-पाच दोडके निवडते आणि त्यांच्या देठाला लाल चिंधी बांधते. चिंधी दिसली की तोडायला आलेल्या बाईनं हात लावायचा नाही. मग आम्ही वेलावरच जून होतो, वाळतो, आणि चुलीवरच्या आढ्याला लटकतो. पेरणीच्या दिवसापर्यंत बी आमच्या पोटातच ठेवायचं, हा तिचा नेम. पण गेल्या पावसाळ्यात अशी झड लागली की अख्खा मांडव सडला. चिंधीवाल्या पाचांपैकी मी एकटा वाचलो. माझ्या पोटातलं बी गेलं असतं, तर त्या घराचा दोडकाच संपला असता.

दिवाळीला पुण्याहून तिचा मुलगा मुकेश, सून तनुजा आणि दीड वर्षाचा नातू गोलू आले. तनुजाला कामावर रुजू व्हायचं होतं आणि पाळणाघरात जागा मिळायला दोन महिने होते. तेवढे दोन महिने आवडाबाईनं पुण्याला जायचं ठरलं. घराला कुलूप लागणार म्हणजे उंदरांची चंगळ. शेजारचे शेषराव म्हणाले, "वहिनी, तो दोडका ठेवा ना माह्या घरी."

"तुमच्या घरचे उंदीर मांजराले भेत नाहीत, भाऊजी," आवडाबाई म्हणाली, आणि मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातलं. असा मी पुण्याला निघालो.

सकाळी सातला गाडी सुटली. पुढे मुकेश आणि तनुजा, मागे पट्ट्याच्या खुर्चीत गोलू, आणि त्याच्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन आवडाबाई. तनुजा मोठी हुशार बाई. तिनं प्रवासासाठी वेगळी थैली भरली होती. चित्रांचं पुस्तक, चिकटवायची चित्रं, गाणं म्हणणारी मोटार, मनुक्यांची स्टीलची डबी. "आई, दर दोन तासांनी एकेक काढायचं. पुणं येईपर्यंत पुरतं," ती म्हणाली.

मेहकर यायच्या आत थैली संपली. पुस्तक गोलूनं चावून पाहिलं आणि खाली टाकलं. चित्रं आजीच्या चष्म्यावर चिकटवली. मोटार पुढच्या सीटखाली गेली आणि तिथून एकटीच गात बसली. मनुके तेवढे त्यानं इमानानं खाल्ले. मग मुकेशनं मोबाईल मागे दिला. चालत्या गाडीत पडद्याकडे टक लावल्यावर व्हायचं तेच झालं, सगळे मनुके बाहेर आले. गाडी थांबली, कपडे बदलले, गाडी पुन्हा निघाली. आणि मग गोलूनं जो सूर लावला, त्यापुढे सीटखालची मोटार गप्प झाली.

तनुजा रडकुंडीला आली. मुकेश गाडी चालवता चालवता टाळ्या वाजवू लागला, तेव्हा आवडाबाईनं त्याला झापलं. इतक्यात गोलूचं लक्ष पिशवीकडे गेलं. माझी लाल चिंधी बाहेर लोंबत होती. त्यानं हात लांब केला. मी आत जरासा हललो, आणि पोटातलं बी वाजलं. गोलू चूप.

"माय, नोको देऊ," मुकेश आरशातून बघत म्हणाला. "एकच तर हाय."

आवडाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग गोलूच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे. "पोट्टं रडून रडून निळं पडून राह्यलं, न मी दोडका जपू काय?" असं म्हणून तिनं मला त्याच्या हातात दिलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. मी काय खुळखुळा होतो का?

पण खरं सांगतो, त्यानं मला दोन्ही हातांत धरून हलवलं आणि खदखदून हसला, तेव्हा मलाही बरं वाटलं. आढ्याला लटकून बसलेल्याला इतकं कोण विचारतं! जालना येईपर्यंत आमचा खेळ चालला. तो हलवायचा, मी वाजायचो, आजी म्हणायची, "वाजव बापा, वाजव."

पुढे एका चहाच्या टपरीवर गाडी थांबली. टपरीमागे हापशी होती आणि अंगणात कोंबड्या. गोलू मला देठाकडून धरून, तोंड खाली करून, कोंबड्यांमागे धावला. आता आमची एक गंमत तुम्हाला माहीत नसेल. दोडका पुरता वाळला की त्याच्या टोकाला एक टोपण असतं. ते गळालं की बी आपोआप खाली पडतं. माझं टोपण गाडीतल्या खेळातच सैल झालं होतं, ते तिथं पुरतं गळालं. मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. मोठी माणसं चहा पीत होती.

अर्धा तास पुढे गेल्यावर आवडाबाईनं कान टवकारले. "आवाज काहून बसला याचा?" तिनं मला घेतलं, उलटं केलं, टोकाचं भोक पाहिलं. माझ्या पोटातून एकही बी पडलं नाही.

"वळवतो मी गाडी," मुकेश म्हणाला.

"तिथं कोंबड्या होत्या. आतापावतर काय ठेवलं असंल त्याईनं," आवडाबाई म्हणाली. तिनं मला मांडीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. तनुजाचे डोळे भरले. "आई, माझ्यामुळे झालं. मी अजून खेळणी आणायला पाहिजे होती," ती म्हणाली.

"तुह्यामुळं काय व्हते? म्या दिला, म्या."

तेवढ्यात गोलूनं तोंड वेडंवाकडं केलं आणि आजीच्या तळहातावर थू केलं. काळं, चपटं, ओलं बी! चाखून पाहिलं होतं पठ्ठ्यानं. कडूजहर लागलं, म्हणून पुन्हा तोंडात घातलं नाही. पण सापडलं कुठं? मुकेशनं गाडी बाजूला घेतली. गोलूच्या खुर्चीच्या फटीत, पट्ट्याच्या खाचेत, जालन्यापर्यंत मला हलवताना सैल टोपणातून उडालेलं बी अडकलं होतं. आवडाबाईनं बोट घातलं, जाईना. मुकेशचं तर नखही शिरेना. गोलूची बोटं मात्र थेट तळाला पोचली. त्यानं एक बी काढलं. तनुजानं मनुक्यांची रिकामी डबी पुढे केली. बी आत पडलं, टण्ण वाजलं. गोलूनं डबीत डोकावून पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि दुसरं काढलं.

पुणं येईपर्यंत तो दुसऱ्या कशाकडे बघायला तयार नव्हता. बी काढायचं, टाकायचं, ओतायचं, पुन्हा टाकायचं. आजीचा हात सतत त्याच्या तोंडापाशी पहाऱ्याला. शेवटी डबी उराशी धरून झोपला, तेव्हा तिच्यात चौदा बिया होत्या. तनुजाची थैली मेहकरपर्यंतही पुरली नाही, आणि चौदा बियांनी शंभर कोसांचा रस्ता काढला!

जानेवारीत आवडाबाई ती डबी घेऊन गावी परतली. निघताना तिनं तनुजाकडून गोलूचं आखूड झालेलं लाल झबलं मागून घेतलं.

मी पुण्यातच राहिलो. माझी साल निघाली, आतली जाळी उरली. आता न्हाणीघरात नळाशेजारी असतो आणि रोज गोलूची पाठ घासतो. तो अजून मला कानाशी नेऊन हलवतो. आत काही वाजत नाही. मग तो स्वतःच तोंडानं "खुळ खुळ" करतो. बोलायला लागल्यावर त्याचे पहिले शब्द आई, आजी आणि हा.

माझं मागणं फार नाही. वेलावर चिंधी दिसली तर हात आवरा. आणि लेकरू घेऊन लांब निघालात, तर पिशवीत काय वाजतं ते आधी बघून ठेवा. टोपणावर मात्र लक्ष असू द्या.

काल दुपारी आवडाबाईचा फोन आला, चेहरा दिसणारा. चौदातले नऊ वेल लागलेत. मांडव पिवळ्या फुलांनी भरलाय. तिनं फोन वर धरला, तर दोन जाड, फिकट हिरवे दोडके, आणि दोघांच्याही देठाला गोलूच्या झबल्याच्या चिंध्या. गोलू धावत आला, मला नळावरून ओढलं, फोनसमोर धरून हलवलं आणि ओरडला, "खुळ खुळ!"

"आलं रे बापा ऐकू," आवडाबाई डोळे पुसत म्हणाली. "यंदा दोन ठेवले. एक पेराले, न एक तुले खेयाले."